इवायाच्या नावाची गारी

माझं तोंड चालू आहे, हे आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. गोरेगावच्या बाजारात मी दिसले की भाजीवाल्या बाया आपसात म्हणायच्या, "आली पाय, आता भाव पाडल्याबिगर जात नाई." पण त्याच बायांच्या घरी लग्न निघालं की मला निरोप यायचा, गारी म्हणायला या म्हणून.

गारी म्हणजे शिवीच, पण गाण्यातली, आणि मायेची. नवरदेवाकडचे लोक पंगतीला बसले की नवरीकडच्या बाया भिंतीला टेकून बसतात आणि एकेकाची गाण्यात खेचतात. कुणाचं पोट, कुणाची टोपी, कुणाच्या पायातला फाटका मोजा, काही सुटत नाही. सगळ्यात मोठी गारी नवरदेवाच्या बापाला. तुमच्याकडं त्याला व्याही म्हणतात, आम्ही इवाई म्हणतो. आमच्या गावची रीत अशी की आपल्या नावाची गारी ऐकल्याशिवाय इवाई पहिला घास उचलत नाही. आणि एखाद्याला चुकून गारी द्यायची राहिली तर तो घरी जाऊन फुगून बसतो. "आमाले कोनी मोजलंच नाई," म्हणतो.

जुन्या गाऱ्या कुणालाही पाठ असतात. पण नुसती पाठ गारी म्हणजे शिळा भात. खरी गारी त्या माणसाकडं पाहून तिथल्या तिथं जोडायची असते. मी एक ओळ टाकायची, बाकीच्या बायांनी धृपद उचलायचं, आणि त्यांचं धृपद होईस्तोवर माझी पुढची ओळ तयार. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून हे काम माझं. घमेंड म्हणा हवी तर, पण माझ्यासारखी गारी आसपासच्या गावांत कुणाला जमत नव्हती.

मागच्या साली एका सकाळी मी अंगणात तांदूळ पाखडत होते. सूप हातातून पडलं. उचलायला गेले तर उजवा हात आपला नाहीच, जणू शेजारणीचा. नवरा दारातच होता. मी त्याला म्हटलं, "आयकता का, मले काहीतरी होऊन राहिलं." म्हणजे म्हणायचं होतं. बाहेर काय पडलं ते मलाही कळलं नाही. नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि मला समजलं की आपल्या तोंडातून काहीतरी भलतंच निघालं. शेजाऱ्याच्या गाडीत घालून मला गोंदियाला नेलं. लकवा. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेत पोचलो म्हणून वाचले.

वाचले खरी, पण बोलणं गेलं. लोकांचं बोललेलं समजायचं, भराभर बोलले तर अर्धं निसटायचं, पण समजायचं. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. पाणी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. तहान लागली होती, तांब्या समोर दिसत होता, फक्त त्याचा शब्द सापडत नव्हता. जोर लावला की भलताच शब्द यायचा. पाण्याला मी "कुलूप" म्हणायची. नवऱ्याला एकदा "चाळणी" म्हणाले. मुलगी गोंदियालाच नोकरी करते, ती रोज दवाखान्यात यायची. तिला पाहून माझे डोळे भरून आले आणि तोंडातून निघालं, "गंज!" गंज म्हणजे आमच्याकडं स्वयंपाकाचं मोठं पातेलं. पोरगी बिचारी रडता रडता हसली आणि म्हणाली, "हो आई, गंज तर गंज."

आणि एक शब्द मात्र अगदी ठणठणीत शाबूत होता. एक तरुण डॉक्टर पायाच्या तळव्याला काहीतरी टोचून पाहत होता. मी म्हटलं, "मुडद्या!" स्वच्छ. खणखणीत. सगळा वॉर्ड वळून पाहायला लागला. मी लाजले, नवरा डॉक्टरची माफी मागायला लागला, आणि तो डॉक्टर खूश! म्हणाला, "वा, ये तो बहुत अच्छा साइन है." बाप्पा, आयुष्यभर ज्या तोंडासाठी बोलणी खाल्ली, त्याचं पहिल्यांदाच कुणी कौतुक केलं.

घरी आल्यावर आठवड्यातून दोनदा गोंदियाजवळ मुर्रीच्या बाजूला एका बाईंकडं बोलण्याच्या उपचाराला जायचो. वयानं माझ्या मुलीएवढी, गोंदियाची, हिंदीच बोलायची. तिनं पहिल्याच दिवशी कागदावर मेंदू काढून दाखवला. डावीकडं एक गोल केला, म्हणाली, "आंटी, इधर चोट लगी है. शब्द इधर से निकलते थे." मग उजवीकडं बोट ठेवलं. "गाना, सुर ज़्यादातर इधर है. ये ठीक है." रोजची पाठ झालेली वाक्यं, आरती, मोजणी आणि शिव्या यांची वाट थोडी वेगळी, म्हणून त्या वाचतात. बाकीच्या शब्दांसाठी मेंदू नवीन वाट करतो, पण त्याला रोज कामाला लावलं तरच.

नवरा धानाचा शेतकरी. त्यानं डोकं खाजवलं आणि विचारलं, "म्हंजे मॅडम, तलावाचा पाट फुटला का आपन पानी दुसऱ्याच्या बांधीतून नेतो, तसं?"

"बिलकुल वैसा ही, अंकल," ती म्हणाली. "लेकिन रोज पानी छोड़ना पड़ेगा."

आता, दुसऱ्याच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, पाणी न्यायचं म्हणजे आमच्याकडं भांडण आलंच. मेंदूतही तेच. पाणी निघायचं एकीकडून आणि घुसायचं भलत्याच्या शेतात. मीठ मागायला जावं तर "सायकल". माझा असा संताप व्हायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. मग एक दिवस त्या बाईंनी विचारलं, "आंटी, गाना आता है क्या?"

गाना आता है क्या! मी गायला लागले. घसा खरखरीत, उजवा ओठ लोंबता, पण गारीचा मुखडा सरळ निघाला, शब्दांसकट, एकही न चुकता. नवरा खुर्चीतून उठून उभाच राहिला. ज्या बाईला पाणी मागता येत नाही ती अख्खी गारी म्हणते! बाईंनी टाळी वाजवली आणि मग खरं काम सुरू केलं. त्याच चालीवर रोजचं वाक्य बसवायचं, डाव्या हातानं टेबलावर ताल धरायचा आणि गाऊन मागायचं. "मले पानी देजो गा" हे माझं पहिलं वाक्य. शिव्यांच्या चालीवर मागितलेलं पाणी.

झालं, आमच्या घरात नाटक सुरू झालं. मी चहा गाऊन मागायची, अंघोळीचं पाणी गाऊन मागायची, नवऱ्याला गाऊन झापायची. नवरा म्हणजे सुराचा आणि त्याचा कधी संबंधच आला नाही, तोही जोशात येऊन गाऊनच उत्तर द्यायचा. त्याचं ऐकून गोठ्यातली गाय दावं ओढायची. धाकटी जाऊ आमच्या अंगणाच्या पलीकडंच राहते. गारीत माझं धृपद उचलायला नेहमी हीच पुढं. ती ओट्यावरून म्हणायची, "बाई, तुमचं ठीक हाय, पन भाऊजीले तं गप करा."

बाजारातही गेले. वांग्यांच्या ढिगापुढं उभी राहून डाव्या हातानं मांडीवर ताल धरला आणि गायले, "वांगे कसे दिले गा?" भाजीवाली दचकली. मग तिनं मला ओळखलं, माझ्या लोंबत्या ओठाकडं पाहिलं, आणि बाईनं पदर सावरून त्याच चालीवर भाव सांगितला. मी गाऊन भाव पाडला, तिनं गाऊन नाही म्हटलं. भोवती माणसं जमली. शेवटी तिनं माझ्या पिशवीत दोन वांगी वरून टाकली आणि म्हणाली, "बाई, तू गेली होती तं बाजारात मजाच नोती." मी तिथंच रडले. मग हसले. वांगी निघाली किडकी, तो भाग वेगळा.

हळूहळू चाल पातळ होत गेली. आधी पूर्ण गाणं, मग नुसती लय, मग साधं बोलणं, अडखळत का होईना. नेहमीचे शब्द ओळखीच्या वाटेनं यायला लागले. अडचण नव्याची होती. जे आधी कधी म्हटलं नाही असं वाक्य जुळवायला गेले की गाडी रुतायची. बाई म्हणायच्या, "यही सबसे मुश्किल है, आंटी. पका हुआ गाना अलग, नया वाक्य अलग." हे ऐकून मला लग्नातली गारी आठवली, कारण मुलीचं लग्न ठरत आलं होतं.

पोरगा चांगला, माणसं चिचगडकडची, जंगलाच्या कडेला शेती. बोलणी नवऱ्यानंच केली होती, मी इवायाला पाहिलंही नव्हतं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, ते आमच्याकडं आले. मी चांगलं लुगडं नेसून दारात उभी होते. नवऱ्यानं मला पढवलं होतं, फक्त "या, बसा" म्हणायचं. एवढं तर मला येतच होतं. पण इवाई समोर आला, दांडगा, उंच, भरघोस काळ्या मिशांचा, आणि मी "या" म्हणायला तोंड उघडलं. शब्द अडला. अडला की गायचं, ही सवय. मी मांडीवर ताल धरला आणि आमच्या गावची जुनी गारी आपली आपण बाहेर पडली:

"इवाई आले दारी गा, लपवा गंज-गडवे गा!"

म्हणजे, इवाई दारात आला, भांडीकुंडी लपवा, चोर आलेत. लग्नाच्या पंगतीत हे म्हटलं तर माणूस मिशीला पीळ देतो. साक्षगंधाला, उंबरठ्यावर, अजून चपला काढायच्या आहेत तेव्हा म्हटलं तर काय व्हायचं? नवऱ्यानं डोळे मिटले. आमची जाऊ पदरात तोंड घालून खिदळायला लागली, तेवढाच काय तो आधार.

इवाई रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की अरे अरे, बिचारी. मग वाकून, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, एकेक शब्द तोडून, वावराच्या या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ईन... बाई... तब्येत... कशी... हाय?" ईनबाई म्हणजे विहीणबाई. मी त्याची विहीण होते, बहिरी नव्हते, कान माझे साजरे, म्हणजे चांगले ठणठणीत होते. पण हे सांगायला शब्द कुठं होते? मी नुसती मान हलवली, आणि त्याला वाटलं, खरंच येडी झाली.

त्यानंतर तो जेव्हा जेव्हा आला, फोनवर बोलला, तेव्हा तसंच. मोठ्यानं आणि तुकड्या तुकड्यानं. मला काही विचारायचं असलं तरी नवऱ्याला विचारायचा, "त्यायले चालते का इचारा." माणूस वाईट नव्हता, आणि हाच तर त्रास. वाईट असता तर मी त्याला मनातल्या मनात शिव्या देऊन मोकळी झाले असते. लग्न जवळ आलं तेव्हा त्यांच्याकडून प्रेमानंच निरोप आला की ईनबाईंना मांडवात दगदग नको, त्यांनी आत आराम करावा, गारीबिरीचा ताण नको.

मी पेटले. माझी मुलगी त्या घरात जाणार. तिथं तिच्या आईची ओळख काय, तर डोकं गेलेली बाई? उद्या पोरीनं "आई म्हणत होती" असं म्हटलं तर हे लोक एकमेकांकडं पाहणार? नाही. त्या लोकांना कळलं पाहिजे की जीभ अडखळते, पण आतली बाई शाबूत आहे. आणि ते कळायची एकच जागा होती. पाठ गारी म्हटली तर ते म्हणतील, पोपटपंची. इवायाची गारी नवीन, त्याच्याकडं पाहून जोडलेलीच हवी.

मुलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, कशाला ताण घेते? नाई झाली गारी तर काय बिघडते?"

"बिघडते," मी म्हटलं. एकच शब्द, पण न गाता, न अडखळता.

मग मी चोरी केली. गारी तिथल्या तिथं जोडायची असते, पण मी आधीच जोडून ठेवली. जाऊला घेऊन गोठ्यामागं बसले. इवायाच्या मिशा रंगवलेल्या आहेत हे मी साक्षगंधालाच हेरलं होतं, आणि फेट्याखाली टक्कल. "मिशीले लावला काळा रंग, टक्कल कसं झाकसान गा?" एवढी एक ओळ. जुळवायलाच मला कितीतरी दिवस लागले. मिशी म्हणायला जायचं तर म्हैस यायची. जाऊ धृपद म्हणायची, मी रुतायची, ती पुन्हा धृपद म्हणायची. ती कधीच कंटाळली नाही. फक्त एकदा म्हणाली, "बाई, म्हैसच राहू द्या, शोभते त्यायले." लग्नाच्या आदल्या दिवशी ओळ अशी घोटली गेली होती की झोपेतून उठवलं असतं तरी म्हटली असती.

लग्न आमच्याच अंगणात, मांडवात. बाकीच्यांना बुफे, पण इवायाकडच्या जवळच्या माणसांसाठी एक पंगत खाली बसवायची, हा माझा हट्ट होता. उभ्यानं प्लेट घेऊन फिरणाऱ्या माणसाला गारी कशी द्यायची, तो काय सापडतो? नवऱ्यानं डीजे बंद करायला लावला. भात वाढला, वरण वाढलं, तूप पडलं. आम्ही बाया भिंतीशी बसलो. बारीकसारीक माणसांच्या गाऱ्या जाऊनं उरकल्या, मांडवात हसू फुटायला लागलं. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

बायांनी धृपद उचललं, "जेवा गा इवाई, लाजू नका गा." माझी पाळी.

डोकं साफ कोरं. मिशी नाही, टक्कल नाही, म्हैससुद्धा नाही. घोटलेली ओळ अशी गेली की आधी कधी नव्हतीच. मी डाव्या हातानं जमिनीवर ताल धरला, तोंड उघडलं, नुसती हवा. बायांना वाटलं मी मुद्दाम ताणून धरते आहे, पण जाऊला कळलं. तिनं धृपद पुन्हा उचललं. "जेवा गा इवाई, लाजू नका गा." पुन्हा हवा. तिनं पुन्हा उचललं, जरा मोठ्यानं, चाल पडू दिली नाही. बाकीच्या बायाही तिच्या मागून. मांडवातले लोक आता माझ्याकडं पाहायला लागले होते. मुलगी बाशिंगासकट मान वर करून पाहत होती. कुणीतरी म्हणालं, "राहू द्या ना, भात थंडा होऊन राहिला, सुरू करा इवाई."

इवायानं ताटाला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिला. "ईनबाईची गारी आल्याबिगर नाई," म्हणाला. हे मी ऐकलं, आणि त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं वाटलं. तेवढ्यात त्यानं सगळ्याचा विचका केला. माझ्याकडं वाकला आणि त्याच आवाजात, त्याच तुकड्यांत, गाव दणाणून सोडत म्हणाला, "ईन... बाई... घाबरू... नका! सावकाश... म्हना!"

पायाच्या तळव्यापासून मस्तकापर्यंत आग गेली. आणि ती आग कुठून कशी गेली, डावीकडून का उजवीकडून, ते त्या गोंदियाच्या बाईंनाच विचारा. पण माझं तोंड उघडलं आणि आधी कधी न म्हटलेली ओळ चालीवर सरळ बाहेर आली:

"बैल राहिले वावरात, इथं हाकता कोनाले गा?
कान माहे साजरे, इवाई, बोंबलता कायले गा?"

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग मागून त्यांच्याच गावचा एक म्हातारा फिसकन हसला, आणि मांडव फुटला. त्यांच्याकडचे लोक जास्त हसले, कारण हा माणूस घरी बैलांशीही असाच बोलतो हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. जाऊनं धृपद उचललं खरं, पण हसून हसून तिला म्हणताच येईना. नवरा मांडवाच्या खांबाला धरून डोळे पुसत होता. मुलगी हसत होती की रडत होती देव जाणे, काजळ पार गालावर आलं होतं. मी मात्र ताल सोडला नाही. ओळ पुन्हा म्हटली, आणि पुन्हा जशीच्या तशी आली.

इवायाचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यानं मिशीला पीळ दिला, डोक्यावरचा फेटा नीट केला आणि ताटातला पहिला घास उचलला. तोंडात टाकला, हसू आल्यामुळं ठसका लागला, पाणी प्यायला. आणि मग माझ्याकडं पाहून, तोंडात भात असतानाच, चिचगडकडच्या त्यांच्या बोलीत, साध्या आवाजात, काहीतरी भडाभडा बोलला. मिरचीचं होतं काहीतरी, माझ्या तोंडाचं होतं, आणि वरण वाढा असं होतं. इतकं भराभर की मला अर्धं कळलंच नाही. मला असा आनंद झाला की काय सांगू.

"काय म्हनलं?" मी विचारलं.

त्यानं पुन्हा सांगितलं. तेवढंच भराभर.